साबोनिस म्हणजे डावा पाय

अमेरिकेत मी राहतो तिथल्या सॅक्रामेंटो किंग्ज या बास्केटबॉल संघाच्या डिफेन्सशी माझा काडीचाही संबंध नाही. संघात माझे पैसे नाहीत, संघाने मला कधी सल्ला विचारलेला नाही, आणि संघाचे मालक विवेक रणदिवे यांना मी आयुष्यात भेटलेलो नाही. ते जुहूचे, मी डोंबिवलीचा. ज्यांना मुंबई माहीत नाही त्यांना हे एकच गाव वाटतं. ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल, की डोंबिवलीहून जुहूला जायचं तर दादरला पूल चढून गाडी बदलावी लागते, आणि पुलापलीकडच्या माणसाला आमच्याकडे नात्यात धरत नाहीत.

हे सगळं मला परवा एका गृहस्थांना सांगायचं होतं. सांगता आलं नाही, कारण त्या वेळी माझ्या तोंडात परक्या माणसाची बोटं, एक आरसा, थुंकी ओढायची नळी आणि कापसाच्या सुरळ्या होत्या.

उजवीकडची खालची दाढ. रूट कॅनॉल आधीच उरकलं होतं, आता दाढ घासून कॅपचं माप द्यायचं होतं. तासाभराचं काम, असं फोनवर सांगितलं होतं. आमच्या डॉक्टरांचा हात हलका आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांच्या काउंटरवर, पेनांच्या डब्याशेजारी, गाईच्या गळ्यातली एक भलीमोठी घंटा ठेवलेली आहे, आणि ती बघूनच मी सावध व्हायला हवं होतं. या घंटेला इतिहास आहे. लेकर्स या लॉस एंजेलिसच्या संघाचे कोच फिल जॅक्सन यांनी एकेकाळी सॅक्रामेंटोला गुरांचं गाव म्हणून हिणवलं. गावाने अपमान मनावर घेतला, आणि पुढच्या सामन्यांना लोक खरोखरच गाईच्या घंटा घेऊन गेले आणि लेकर्सच्या कानाशी बडवत बसले. ज्याच्या घरात अजून ती घंटा आहे तो साधा प्रेक्षक नसतो. वारकरी असतो.

इथल्या दवाखान्यांत दोन खुर्च्यांमध्ये भिंत नसते, कमरेएवढं पार्टिशन असतं. खुर्ची आडवी केली की शेजारच्या पेशंटचं तोंड दिसत नाही, पण पाय पार्टिशनच्या पुढे येतात. माझ्या शेजारी त्या दिवशी दोन पाय होते. जांभळ्या मोज्यांतले. बूट काढून खुर्चीखाली शिस्तीत लावून ठेवलेले. आवाज सत्तरीतला. चेहरा मी शेवटपर्यंत पाहिला नाही, त्यामुळे यापुढे जे काही बोलले ते पायच बोलले असं समजावं.

"परवाची प्रीसीझन मॅच पाहिलीस का, डॉक्टर?" पायांनी विचारलं.

"अर्धी पाहिली," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या दाढेवरचं यंत्र थांबलं.

हे यंत्र थांबणं लक्षात ठेवा. त्या तासाभरात ते जितका वेळ चालू होतं त्यापेक्षा जास्त वेळ थांबलेलं होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: किंग्ज ज्या एनबीए लीगमध्ये खेळतात तिचा खरा मोसम ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि प्रत्येक संघ 82 सामने खेळतो. त्याआधी दोन-तीन आठवडे सरावाचे चार-सहा सामने असतात, ते प्रीसीझन. या सामन्यांचे निकाल कुठेही धरत नाहीत. नावाजलेले खेळाडू थोडा वेळ पळतात आणि मग गळ्यात टॉवेल टाकून बाकावर बसून हसत असतात. उरलेला वेळ, ज्यांची नोकरी अजून पक्की झालेली नाही अशी पोरं जीव तोडून खेळतात. कोच आपले खरे डावपेच झाकून ठेवतात. थोडक्यात, या सामन्यांवरून कशाचाच अंदाज बांधता येत नाही, आणि म्हणून अंदाज बांधायला सगळे मोकळे असतात.

"ऑफेन्सचं मला काही नाही," पाय म्हणाले. "लावीन आहे, डिरोझन आहे, ते गुण करतील. समोरचे पण करतील ना! त्यांना कोण अडवणार? डग क्रिस्टी कोच आहे याचं तरी भान ठेवा रे. तो माणूस 2003 साली लीगच्या डिफेन्सच्या पहिल्या पाचांत होता. आता बाकापाशी उभं राहून हे सगळं बघताना त्याच्या पोटात काय होत असेल!"

"प्रीसीझन आहे हो," सहायक मुलगी म्हणाली. ही युबा सिटीकडची पंजाबी पोर. तिकडे पंजाबी शेतकऱ्यांच्या तीन-चार पिढ्या पीच पिकवतायत, आणि अमेरिकेत जन्मलेल्या नातवंडांच्या आवाजालाही शेतावरून हाक मारायचा जोर आहे. थुंकी ओढायची नळी तिच्या हातात होती. "2022 ला आपण प्रीसीझनमध्ये चारपैकी चार जिंकलो. लेकर्सला एकदा 105-75 आणि एकदा 133-86 असं धुतलं. मग खरा मोसम सुरू झाला आणि पहिले चारही हरलो."

"आणि मग?" डॉक्टर.

"मग 48 जिंकलो! ओळीने सोळा मोसम हुकल्यावर प्लेऑफला गेलो! म्हणजे प्रीसीझनवरून सीझन कळत नाही आणि सीझनच्या सुरुवातीवरून शेवट कळत नाही."

मुद्दा बिनतोड होता. फक्त तो मांडताना नळी तिने हातवाऱ्यांसाठी वापरल्यामुळे माझ्या घशात तळं साचलं होतं. मी "घ्‌ळ्‌" असा आवाज केला.

"बघा, यालाही पटतंय," ती म्हणाली.

मग डॉक्टरांनी 2012 चे लेकर्स काढले. कोबी ब्रायंट, ड्वाइट हॉवर्ड, स्टीव्ह नॅश अशी मातब्बर मंडळी असून प्रीसीझनचे आठच्या आठ सामने हरले होते. तेव्हाही लोक म्हणाले की सरावच तो, सोडा. पुढे तो संघ वर्षभर रडतखडत पंचेचाळीस सामने जिंकून प्लेऑफमध्ये पहिल्याच फेरीत सरळ चार हरून घरी गेला. "म्हणजे काही वेळा कळतं," डॉक्टर म्हणाले. एकूण प्रीसीझनवरून काही कळत नाही आणि काही वेळा कळतं, इथपर्यंत चर्चा आली. या वेगाने आपली कॅप पुढच्या दिवाळीला बसेल, असा हिशेब मी करत होतो, तोच डॉक्टरांनी घात केला.

"हा पेशंट मुंबईचा आहे बरं का," ते पार्टिशनपलीकडे म्हणाले.

जांभळे मोजे क्षणभर हलायचे थांबले. मग दोन्ही अंगठे माझ्या दिशेने वळले.

"विवेकच्या गावचा?"

माझ्यासारख्याला इथे हे नवीन नाही. ऑफिसात, मुलीच्या शाळेत, गाडीचं तेल बदलायला गेलं तिथे, सगळीकडे हे होतं. नाव सांगितलं, गाव सांगितलं, की "अरे, मग विवेक तुमचाच!" तुमचाच म्हणजे काय? मुंबईत दीड-दोन कोट लोक राहतात. आमच्या ऑफिसच्या टीममध्ये एक लिथुएनियाचा माणूस आहे. किंग्जचा उंच खेळाडू साबोनिस लिथुएनियाकडून खेळतो आणि लिथुएनियाची लोकसंख्या तीस लाखांच्याही आत आहे, म्हणजे ओळख असण्याची शक्यता निदान हिशेबात तरी जास्त. पण त्याला कॉफीच्या मशीनपाशी अडवून "तुमचा साबोनिस रिंग का राखत नाही?" असं कुणी विचारलेलं मी पाहिलं नाही. तो निवांत कॉफी पितो.

बरं, आपले लोक या बाबतीत धुतल्या तांदळासारखे आहेत असंही नाही. 2013 साली किंग्ज सिअ‍ॅटलला जायला निघाले होते, तेव्हा रणदिवे पुढे आले, आणि संघाचं मोल 53 कोटी डॉलरच्या वर धरून तो सौदा झाला. संघ गावातच राहिला. (जायची त्या संघाला सवयच आहे. रॉचेस्टर, सिनसिनाटी, कॅन्सस सिटी, मग 1985 ला सॅक्रामेंटो. सरकारी नोकरीत तरी इतक्या बदल्या होतात का, कोण जाणे. अजिंक्यपद एकच, तेही रॉचेस्टरला असताना, 1951 साली.) त्या वर्षीच्या गणपतीत आमच्या इथल्या मराठी मंडळींत दुसरा विषय नव्हता. एक काका तर मोदकाची ताटली हातात धरून सांगत होते, "त्यांच्या बिल्डिंगखालून आम्ही कितीदा गेलोय." कुठली बिल्डिंग, असं मी विचारलं. "आता कुठली ते नाही सांगता येणार," काका म्हणाले, "पण जुहूला फिरायला गेलं की सगळ्याच बिल्डिंगखालून जाणं होतं."

माझ्या बाबांनी मात्र फोनवर एवढंच विचारलं होतं, "त्यांनी क्रिकेटची टीम का नाही घेतली?"

पायांकडे परत येऊ. पाय आता सरकारी वकील झाले होते.

"2019," ते म्हणाले. "तुम्ही आमच्या पोरांना मुंबईला का नेलंत?"

तुम्ही! मी तेव्हा इथे, सॅक्रामेंटोजवळच्या फॉल्सममध्ये, घराच्या छपराची पन्हळ साफ करत होतो. पण घटना खरी आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये या लीगचे भारतातले पहिले सामने झाले. किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स, दोन्ही प्रीसीझनचे. पहिल्या सामन्याला प्रेक्षक म्हणून शाळेची तीनेक हजार मुलं बसवली होती. ती दोन्ही बाजूंना सारख्याच उत्साहाने ओरडत होती, आणि खरं सांगायचं तर खेळ बघायची तीच एक योग्य पद्धत आहे. किंग्ज जादा वेळेत 131-132 असे हरले. दुसऱ्या दिवशी 106-130.

"दोन सामन्यांत 262 गुण दिले!" पाय म्हणाले. "अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून 262 गुण द्यायला गेलो आम्ही. परत आल्यावर पोरं दिवसा झोपतायत, रात्री जागतायत. मोसमाचे पहिले पाच सामने गेले. ओळीने पाच!"

"झोप हे कारण असू शकतं," डॉक्टर म्हणाले.

"पेसर्सना झोप नसते?" सहायक मुलीने विचारलं. तिच्याबद्दल मला पुन्हा आदर वाटला. पण पेसर्सनीसुद्धा त्या मोसमाचे पहिले तीन सामने घालवले होते, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि मुंबईवरचा आरोप आणखी पक्का झाला. माझी दाढ या वेळी अर्धी घासून झालेली होती. अर्ध्या घासलेल्या दाढेवर गार हवा लागते तेव्हा काय होतं, ते मी लिहीत नाही. वाचकांत कुणी जेवत असेल.

"मला कारणं नकोत," पाय म्हणाले. "रोग काय आहे तो मी दाखवतो. डॉक्टर, याची खुर्ची जरा फिरव. याला दिसलं पाहिजे. हा विवेकला सांगेल."

आणि डॉक्टरांनी खुर्ची फिरवली! पेशंटची, तोंड उघडं असलेली, नळ्यांसकट. यावर मला जे म्हणायचं आहे ते मी अजून कुणालाच म्हटलेलं नाही.

उजवा जांभळा पाय वर आला. "हा समोरच्यांचा गार्ड, चेंडू पुढे आणणारा. चेंडू याच्याकडे." डावा पाय वर आला. "हा साबोनिस." मग त्यांच्या लक्षात आलं की माणसं कमी पडतायत. "मुली, ते बूट जरा वर ठेव." त्यांचे दात साफ करायला आलेल्या बाईंनी निमूटपणे एक बूट खुर्चीच्या टोकाला, दोन पायांच्या मध्ये, उभा केला आणि दुसरा त्याला टेकवला. "हा आडवा येणारा त्यांचा माणूस. आणि हा दुसरा बूट आमचा गार्ड."

आता जे सुरू झालं ते, मान्य करायला हवं, कोणत्याही टीव्हीवाल्यापेक्षा स्वच्छ होतं. खेळातली सगळ्यात जुनी युक्ती अशी: चेंडूवाला गार्ड पुढे येतो, त्याचा साथीदार आपल्या गार्डच्या वाटेत खांबासारखा उभा राहतो, आपला गार्ड त्या खांबाला अडकतो आणि चेंडूवाला मोकळा सुटतो. आता आपल्या उंच माणसाने काय करायचं? किंग्जचा साबोनिस मागे सरकतो आणि रिंगजवळ उभा राहतो. याला ड्रॉप म्हणतात. रिंग राखली जाते, पण मधे एवढं मोकळं अंगण पडतं.

उजवा पाय बुटाला वळसा घालून आला. डावा पाय मागे मागे गेला, पार पार्टिशनला टेकला. मधल्या मोकळ्या जागेत उजव्या पायाने अंगठा वाकवला.

"शॉट. दोन गुण," पाय म्हणाले. "पुन्हा बघ." उजवा आला, डावा मागे गेला, अंगठा वाकला. "दोन गुण. पुन्हा."

"पण ड्रॉपचा दोष नाही," डॉक्टर माझ्या दाढेवरून हात उचलत म्हणाले. "तुमचा बूट मेलेला आहे. आमच्या गार्डने खांबाला घासून वरच्या अंगाने पाठलाग करायला हवा. तो खालून जातो, नाहीतर अडकून बसतो. मागून धक्का लागत राहिला असता तर शॉट इतका सोपा पडला नसता."

"बरं, मग बदलून घेऊ," पाय म्हणाले. "तू खांब घे, मी चेंडूवाला घेतो. स्विच. बघ काय होतं." डावा पाय उजव्याच्या मागे लागला. उजवा चपळ, डाव्याला बहुधा संधिवात. दोघांची अढी पडली, बूट खाली पडला, मोजा अर्धा निघाला. "तीन गुण," पाय धापा टाकत म्हणाले, "आणि वर फाउल."

त्यांच्या बाईंनी बूट उचलून पुन्हा उभा केला. चेहऱ्यावरून त्यांची ही पहिली वेळ नव्हती.

"आणि सगळ्यात वाईट काय आहे सांगू? तो तिथे कोपऱ्यात उभा आहे." उजवा पाय माझ्याकडे रोखला गेला. म्हणजे माझ्या डाव्या पायाकडे. मीही बूट काढून बसलो होतो, आणि माझ्या काळ्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. दवाखान्यात जाताना तोंडाची स्वच्छता बघतात म्हणून दोनदा दात घासून गेलो होतो. मोजे बघतील हे डोक्यात आलं नाही. "हा कोपऱ्यातला नेमबाज. याच्यावर नजर ठेवायला कोणी नाही! सगळे चेंडूकडे बघत बसलेत. हा मोकळा. हेल्प कुठाय? मी विचारतो, हेल्प कुठाय?"

तेच मी विचारत होतो. बधिरपणा उतरायला लागला होता.

कामाला सुरुवात करताना डॉक्टर म्हणाले होते, दुखलं तर डावा हात वर कर, मी लगेच थांबेन. मी डावा हात वर केला. चांगला ताठ, पाच बोटं फाकवून.

"हे! हे बघा!" डॉक्टर ओरडले. "हात असा वर हवा! शॉटच्या वेळी समोरच्याच्या डोळ्यांसमोर असा पंजा हवा. एवढी साधी गोष्ट. याला कळते आणि कोट्यवधी घेणाऱ्यांना कळत नाही."

"क्रिकेटवाला असून," पाय कौतुकाने म्हणाले.

मी हात तसाच धरून ठेवला. नंतर दुसराही वर केला. त्यावर सहायक मुलगी म्हणाली की दोन्ही वर केले तर फाउल मिळतो का, आणि मग तो एक वेगळा वाद सुरू झाला. शेवटी माझ्या डोळ्यांतून पाणी आलेलं तिलाच दिसलं, आणि दुसरं इंजेक्शन आलं. त्याचे पैसे वेगळे लावले का, ते बिलावरून कळत नाही. बिलावर सगळे आकडे सांकेतिक आहेत. इथे दातांच्या विम्याला वर्षाची मर्यादा असते, बहुतेकांची हजार ते दोन हजार डॉलर, आणि एक दाढ ती एकटी खाऊन टाकते. बाकीच्या एकतीस दातांनी जानेवारीपर्यंत सभ्यपणे वागायचं. डोळ्यांचा विमा वेगळा, दातांचा वेगळा, उरलेल्या शरीराचा वेगळा. आपण एक सलग माणूस आहोत असं या देशात विम्यापुरतं तरी कुणी मानत नाही.

दुसरं इंजेक्शन चढेपर्यंत थांबावं लागतं. त्या वेळात तिसरा आरोप वाचला गेला, आणि तो सगळ्यात जुना निघाला.

रणदिवे बास्केटबॉलमध्ये आले तेच मुळी डिफेन्सच्या वाटेने. क्रिकेट-फुटबॉल बघत वाढलेला माणूस. रेडवूड सिटीत आपल्या बारा वर्षांच्या मुलीच्या संघाचा कोच झाला. त्याला प्रश्न पडला, की गुण झाला की हे लोक पळत आपल्या टोकाला का जातात? समोरच्यांना अख्खं मैदान फुकट का देतात? त्याने पोरींना सांगितलं, मागे जायचंच नाही, चेंडू आत टाकतात तिथेच गळ्यात पडायचं. पोरींना धड नेम नव्हता, पण समोरच्यांना चेंडू पुढे नेता येईना. राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेल्या. ही गोष्ट पायांना पाठ होती, आणि ती सांगताना आवाज चक्क मऊ झाला होता.

"असा माणूस!" पाय म्हणाले. "आणि संघ विकत घेतल्यावर काय सुचवतो? 2014 ला पेपरात आलं होतं. म्हणे पाचाऐवजी चौघांनीच डिफेन्स करावं, पाचव्याने समोरच्या रिंगखाली उभं राहावं. चौघांनी! इथे पाच जणांना जमत नाही. तुमच्याकडे असंच खेळतात का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. फार चांगलं उत्तर होतं. तोंड मोकळं असतं तर मी सांगितलं असतं, की महाशय, मी ज्या लोकलने वाढलो तिच्यात तिघांच्या बाकावर चौथा बसतो, दोन बाकांच्या मध्ये आणखी चार उभे राहतात आणि दारात लोंबणाऱ्यांची मोजदाद रेल्वेही करत नाही. पाचाच्या जागी सात घुसवायची कल्पना कुणी मांडली असती तर मी मान खाली घालून म्हटलं असतं, हो, ही आमचीच. पाचाच्या जागी चार ठेवून एक जागा मोकळी सोडायची, हे डोंबिवलीच्या माणसाला तापातसुद्धा सुचणार नाही. ही पुलापलीकडची कल्पना आहे.

प्रत्यक्षात मी म्हणालो, "आआह्‌."

"काय म्हणाला?"

"'हो' म्हणाला," डॉक्टरांनी भाषांतर केलं.

मला खरा राग कशाचा आला ते आता सांगतो, कारण मोज्याच्या भोकावर हसून झालं असेल तर तेही ऐकून घ्या. 2023 च्या वसंतात या गावाला वेड लागलं होतं. संघ जिंकला की स्टेडियमच्या छतावरून जांभळ्या लेझरचा झोत आकाशात सोडायचा, अशी प्रथा त्याच मोसमात सुरू झाली. लोक जेवता जेवता गॅलरीत येऊन तो झोत बघायचे. लीगमधलं सगळ्यात जोरदार आक्रमण आपलं होतं. (डिफेन्स तेव्हाही तळाकडेच होतं, पण तेव्हा तो विषय काढणाऱ्याला लोक घरी बोलवत नसत.) त्या महिन्यांत मी याच दवाखान्यात दात साफ करायला आलो होतो. तेव्हा कुणी खुर्ची फिरवली नाही. कुणी म्हणालं नाही, की वा, मुंबईकर, काय झोत सोडलात! तेव्हा विवेक सॅक्रामेंटोचा होता. मग प्लेऑफच्या पहिल्या फेरीतल्या सातव्या, निर्णायक सामन्यात गोल्डन स्टेट संघाच्या स्टेफ करीने इथे येऊन 50 गुण मारले आणि संघ बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पहिला माणूस माझ्या टेबलाशी आला: "तुमच्या माणसाने एखादा डिफेंडर घ्यायला हवा होता." एका रात्रीत तो पुन्हा मुंबईचा झाला होता, आणि मी त्याचा इथला वकील.

हे मी त्या माणसाला बोललो नाही, आणि परवाही बोललो नाही, कारण तोंडात आता मापाचा गुलाबी लगदा भरलेला ट्रे होता आणि चार मिनिटं हलायचं नव्हतं.

त्या चार मिनिटांत पायांनी 2002 काढलं. हे निघणारच होतं. आपल्याकडे कुठलीही चर्चा लांबली की जशी पानिपतावर जाते, तशी इथली 2002 वर जाते. प्लेऑफमधला लेकर्सविरुद्धचा सहावा सामना, शेवटच्या क्वार्टरमध्ये लेकर्सना 27 फ्री थ्रो, म्हणजे फाउलपोटी मिळणारे फुकटचे नेम. सत्तावीस! पायांनी आकडा उच्चारला आणि दोन्ही अंगठे खाली झुकले. सहायक मुलगी तेव्हा जन्मली होती की नाही कोण जाणे, पण तिनेही नळी खाली धरली. डॉक्टरांनी मास्कच्या आतून सुस्कारा सोडला. त्या एका क्षणी मला त्यांच्याबद्दल माया वाटली असती, पण कोपऱ्यातल्या घड्याळाने ट्रे काढायची वेळ झाल्याची शिटी वाजवली आणि ती कुणीच ऐकली नाही.

लगदा दगडासारखा झाला. तो काढताना जे झालं त्याला डॉक्टर "थोडं घट्ट बसलं" म्हणाले.

मग तात्पुरती कॅप. निळा कागद दातांत धरून "चाव" म्हणाले. "बरोबर वाटतंय?" अर्धा जबडा अजून बधिर होता, मला त्या वेळी जबडा आहे हेच आठवणीवर चाललं होतं. मी मान हलवली. निघताना पार्टिशनच्या पलीकडे डोकवायचं मी ठरवलं होतं, निदान तोंड तरी बघू. पण तिकडे दात साफ करणं सुरू झालं होतं, तोंडावर नळ्या होत्या, आणि पाय निपचित पडले होते. संधी चांगली होती. मी वाकून स्वच्छ मराठीत म्हणालो, "मी डोंबिवलीचा आहे." उजव्या अंगठ्याने निरोपादाखल एक छोटा शॉट मारला.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे भोकाचा मोजा घालून गेलास?"

कॅप उंच बसली आहे. जेवताना प्रत्येक घासाला टक्‌ असा आवाज होतो आणि वरची दाढ ठणकते. घासून घ्यायला फक्त पाच मिनिटं लागतात, असं दवाखान्यात फोन केल्यावर कळलं. रिसेप्शनवरच्या बाईंनी गुरुवार दिला. मी विचारलं, बुधवारी रात्री मॅच आहे का? आहे म्हणाल्या, मोसम सुरू झालाय आता. मग मी स्पष्टच सांगितलं, की मला किंग्ज जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशीची वेळ द्या, म्हणजे डॉक्टर दाढेकडे बघतील.

बाई थोडा वेळ गप्प होत्या. कॅलेंडर चाळल्याचा आवाज आला.

"तसं असेल तर," त्या म्हणाल्या, "आत्ता पक्की तारीख नाही देता येणार."